चढ चढून गेलेला पूर

संस्कृती भूकंपाने कोसळत नाहीत आणि आक्रमणानेही नाहीत. सूचनाफलकाचा मसुदा वेळेत संमत न झाल्याने कोसळतात, हा सिद्धान्त मी आयुष्यभर इतिहासाच्या वर्गांतून मांडत आलो. विद्यार्थी तो परीक्षेपुरता मान्य करीत. त्याचा निर्विवाद पुरावा मात्र मला निवृत्तीनंतर, आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली मिळाला. शहराची मुख्य जलवाहिनी फुटली होती, नळ कोरडे पडले होते, आणि सोसायटीच्या कार्यकारिणीची तातडीची सभा भरली होती. फलकावर 'पाणी येणार नाही' असे लिहावे की 'पाणी येण्याची शक्यता कमी आहे' असे, यावरून सभेत दोन तट पडले. पहिल्या वाक्याने समितीवर जबाबदारी येते, असे सचिवांचे म्हणणे. दुसऱ्याने रहिवाशांत आशा निर्माण होते, असे खजिनदारांचे. फलक लागला तेव्हा पाणी येऊन गेलेले होते. एका शहराची अखेर याहून स्वच्छ अक्षरांत लिहिलेली मी तरी कोठे वाचलेली नाही.

मी सभेतून उठलो, घरी आलो आणि पत्नीला म्हणालो, "हे शहर संपलं."

"बरं," ती म्हणाली. "येताना इस्त्रीचे कपडे आणलेत का?"

पुढच्या काही आठवड्यांत आमच्या हॉलमध्ये निळी पिंपे आली. आधी एक, मग त्याला सोबत म्हणून दुसरे, मग या दोघांमागे दडलेली भिंत वाया जाऊ नये म्हणून आणखी काही. सोफा शयनगृहात गेला, शयनगृहातले कपाट स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आणि चहा करायचा तर एक खांदा पुढे काढून आडवे शिरावे लागे. पाहुणे पिंपांवर बसत आणि पाय लोंबकळते ठेवून निघण्याची वेळ लवकर आणत. माझ्या मते ही गैरसोय नव्हे, तालीम होती. पत्नीच्या मते तो तिचा हॉल होता. ती शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली असल्याने तिला रिकाम्या भिंतीची किंमत कळते.

पिंपांची बातमी जिन्यातून उतरत गेली तसा सल्ल्यांचा ओघ जिन्यातून वर येऊ लागला. तळमजल्यावरचे दंतवैद्य एका सकाळी पिंपावर बसून फार गंभीरपणे म्हणाले, "सर, तुम्ही पाण्याचा विचार केलात, धान्याचा केलात. दाढेचा केलात का? सगळं जग बुडालेलं आणि तुमची दाढ ठणकतेय. कोणाकडे जाल?"

"मग काय करावं म्हणता?"

"आधीच काढून टाका."

"कोणती?"

"सगळ्या. आपत्ती काही विचारून येत नाही."

सचिव आले ते हातात मोजपट्टी घेऊन. राहत्या खोलीत इतके पाणी साठवणे हा त्यांच्या मते 'वापरातील बदल' होता. मी एका सदनिकेची टाकी केली होती आणि त्यासाठी ना-हरकत घ्यायला हवी होती. ती कोण देते, असे मी विचारले. ती समिती देते. पण समितीने असा अर्ज पूर्वी कधी पाहिला नसल्याने त्याचा नमुना आधी ठरवावा लागेल आणि त्यासाठी सभा. मी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यापायी माझे अनेक विद्यार्थी विषय बदलून अर्थशास्त्राकडे गेले आहेत. सचिव उठले, दारापर्यंत गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, बाहेर कुठे सुरक्षित जागा बघाल तेव्हा आमच्यासाठी पण एक बघा. कोपऱ्यातली मिळाली तर बरं."

असो. ज्या दिवशी पत्नीच्या मैत्रिणीला बसायला जागा नाही म्हणून जिन्यात चहा द्यावा लागला, त्या दिवशी पत्नीने निर्णय सुनावला.

"एक तालुका बघा," ती म्हणाली. "एकच. पुस्तकातून नाही, पायांनी. जग बुडालं तरी तिथे स्वतःच्या हिमतीवर राहता येईल असा असला तर मी तुमच्याबरोबर येते, कुरकुर न करता. नसला तर पिंपं खाली, आणि हा विषय बंद. कायमचा. जेवताना सुद्धा नाही."

"आणि ठरवायचं कोणी?"

"तुम्हीच. पण मी बरोबर असणार आणि तुम्ही खोटं बोलत नाही. तेवढा एकच गुण बघून मी इतकी वर्षं काढलीत."

माझ्या आयुष्यभराच्या वाचनाचा निकाल एका फेरीवर येऊन ठेपला. मी निकष ठरवले: नदी हवी, पण उशाशी नको. डोंगर हवा, पण अंगावर येणारा नको. माती पिकती, रस्ता आडवाटेचा, दवाखाना हाकेच्या अंतरावर आणि माणसे शक्य तितकी कमी. नकाशे पसरून मी एक तालुका निवडला. त्यात एक नदी वळसा घेत होती, वळशाच्या पोटात एक गाव होते आणि त्या गावाविषयी कोणत्याही ग्रंथात एक ओळही नव्हती. जे इतिहासात येत नाही ते टिकते, असे माझे मत आहे.

कोणत्याही प्रदेशात पूर्वसूचना न देता जाणे मला असभ्य वाटते. म्हणून मी तालुका कचेरीत फोन केला. तो अव्वल कारकुनांनी घेतला.

"तुमच्या तालुक्याची पाहणी करायची आहे," मी म्हणालो. "मुख्यतः पूर कुठपर्यंत येतो ते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "नुकसानही बघणार, साहेब?"

"असल्यास तेही. शिवाय पिण्याचं पाणी, धान्यसाठा, स्वच्छता, एकूण जगण्याची शिस्त."

मग कागद चाळल्याचा आवाज. "दोन्ही एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी. सकाळी पूर, दुपारी बाकीचं."

"वरून लेखी आदेश आहे का?"

"आदेश घरातून आहे," मी म्हणालो. विनोद करण्याचा तो माझा क्षीण प्रयत्न होता.

"म्हणजे तोंडी. पथकात अजून कोण?"

"पत्नी. आणि मेहुण्याची गाडी."

"खाजगी गाडी. म्हणजे अचानक भेट दाखवायची आहे," कारकून हळूच म्हणाले. "समजलं, साहेब. पुढचं आमच्यावर सोडा."

सरकारी कचेरीत इतका चाणाक्ष माणूस असावा याचे मला आश्चर्य वाटले. ते आश्चर्य आज निराळ्या स्वरूपात कायम आहे.

मेहुणा गाडी घेऊन आला तो गळ्यात शिट्टी अडकवून. आपत्तीत माणूस वाचतो तो अन्नाने नव्हे, शिट्टीने, असे त्याने कोठेतरी ऐकले होते, आणि ऐकलेल्या गोष्टीची शहानिशा करणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. तो प्रत्येक वळणावर शिट्टी वाजवीत होता.

"अरे, गाडीला हॉर्न आहे ना?" पत्नी म्हणाली.

"ताई, बॅटरी गेली तर? सवय नको का?" आणि माझ्याकडे वळून, "भावोजी, तुमची ती पिंपं फुटली तर काय करायचं, याचा विचार केलात का?"

असा प्रवास चालला होता. पण घाट संपला, गाडी शेवटच्या कड्यावर आली, आणि मेहुण्याने न सांगता ती थांबवली. खाली सबंध दरी उघडी पडली होती. नदी इतक्या सावकाश वळत होती की ती वळते आहे हे पाण्याकडे पाहून नव्हे, काठच्या झाडांच्या रांगेकडे पाहून कळत होते. वळशाच्या आत शेतांचे तुकडे, मध्ये एका उतारावर गाव, आणि गावाच्या पाठीशी एक बसका, रुंद, कोणतीही घाई नसलेला डोंगर. मी विनाशाची अनेक वर्णने वाचली आहेत; वाचून राहिलेल्या जागेचे वर्णन मात्र कोणी लिहीत नाही. हे ते होते. मेहुण्याच्या हातून शिट्टी सुटली. पत्नी काचेवरून हात फिरवीत होती, कागदाचा पोत पाहावा तसा.

"चांगलं आहे," ती म्हणाली. या शब्दांबरोबर हे गाव हातचे जाण्याची भीती निर्माण झाली.

मग मेहुण्याला सवय आठवली. त्याने दरीत एक लांब शिट्टी घातली. ती डोंगरावर आपटून परत आली, आणि खाली गावात, मला स्पष्ट दिसले, माणसे पळू लागली.

गावाच्या वेशीवर कारकून हात बांधून उभे होते. त्यांच्यामागे जे होते ते पाहून मी बूट काढावेत की काय, अशा मनःस्थितीत गेलो. खालची गल्ली सबंध उद्ध्वस्त होती. भिंतींवर कमरेच्या वर चिखलाचा पट्टा. दारे बिजागऱ्यांतून निखळून आडवी पडलेली. एका छपरावर होडी, तिचे नाक आभाळाकडे. रस्त्यात फुगलेल्या गाद्या, पाय नसलेले टेबल, आणि एका पालथ्या पत्र्याच्या ट्रंकेवर एक म्हातारी बसलेली, पदर डोळ्यांना लावून. तिच्या पायाशी अर्धा कान नसलेले कुत्रे झोपले होते. महिनोन् महिने पाऊस नव्हता. आभाळ धुतल्यासारखे निळे होते. या निळ्या आभाळाखाली इतका मोठा विध्वंस इतक्या शांततेने पडून होता, की माझ्या पुस्तकांतली सारी बुडालेली नगरे मला अचानक चोपडी आणि खोटी वाटू लागली.

"कधीचा पूर हा?" मी हलक्या आवाजात विचारले.

"मागचा, साहेब," कारकून म्हणाले.

मी मोजपट्टी काढली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की गल्ली चांगलीच चढाची आहे, पण चिखलाचा पट्टा प्रत्येक घरावर जमिनीपासून सारख्याच उंचीवर आहे. म्हणजे पाणी गल्लीबरोबर चढ चढत गेले होते. सामान्य माणूस येथे थांबला असता आणि त्याने डोके खाजवले असते. मी विद्वान असल्याने मला स्पष्टीकरण सुचले. वळशामुळे नदीचा लोंढा तिरपा येतो, काठावर आपटून उसळतो आणि स्वतःच्या वेगाने उतार वर ढकलीत नेतो, असे मी पत्नीला सांगू लागलो. अशा लोंढ्यांनी पूर्वी राज्ये बुडवली आहेत. कारकून मान डोलावून ऐकत होते. "अगदी तसंच झालं होतं, साहेब," ते म्हणाले.

पत्नीने पट्ट्याला बोट लावले आणि बोट माझ्यापुढे धरले.

"ओला आहे," ती म्हणाली.

"जमिनीतला ओलावा केशाकर्षणाने—"

"आणि ब्रशचे फराटे दिसताहेत."

मी हे ऐकले नाही, असे मला आज प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मी ते ऐकले, आणि ते माझ्या स्पष्टीकरणात बसत नसल्याने बाजूला ठेवले. संशोधनात असे करावेच लागते.

जेवणासाठी कारकुनांनी आम्हाला डोंगरावरच्या विश्रामगृहात नेले. मी वाढले तेवढे जेवून उठू लागलो तर त्यांनी पुन्हा वाढायला लावले. पुन्हा उठलो तर त्यांना तालुक्याचा पर्जन्यमानाचा इतिहास आठवला. तो संपला तर गाडीच्या चाकात हवा कमी दिसली. अधूनमधून ते गच्चीवर जाऊन खाली पाहून येत. अखेर समाधानाने म्हणाले, "चला साहेब. आता आदर्श गाव."

"ते कुठे आहे?"

"लांब आहे जरा," ते म्हणाले, आणि त्यांनी मेहुण्याला डोंगराला वळसा घालणारा रस्ता दाखवला. तो इतका लांब होता की मेहुणा शिट्टी वाजवून दमला.

आदर्श गाव खरोखरच आदर्श होते. चुन्याने उजळलेल्या भिंती, दारोदारी कुंड्या, सरळ रांगेत उभी केलेली पाण्याची भांडी, धान्याच्या कणग्यांवर झाकणे, झाकणांवर तारखा. चौकात 'आपत्कालीन नौका' असा ताजा फलक लावलेली होडी. कोठे कचऱ्याचा कण नाही. चौकाच्या कोपऱ्यात एक म्हातारी ट्रंकेवर बसून वर्तमानपत्र वाचत होती. मी भारावून गेलो. एका तालुक्यात सकाळी महाप्रलय आणि दुपारी सुवर्णयुग, आणि दोहोंमध्ये फक्त एक जेवण. इतिहासाने मला एवढा उदार दिवस पूर्वी कधी दिला नव्हता.

"अहो," पत्नी माझ्या कोपराला धरून म्हणाली, "ते कुत्रं बघा."

कुत्र्याला अर्धा कान नव्हता. ते त्याच पायरीवर, त्याच कुशीवर झोपले होते. साऱ्या गावात वेश न बदललेला तेवढा एकच नागरिक होता.

मी म्हातारीकडे पाहिले. तिने वर्तमानपत्र किंचित वर धरले. ते उलटे होते.

राग अनेक प्रकारचे असतात. माझा थंड असतो. त्यात आवाज चढत नाही, वाक्ये लांबतात. मी कारकुनांना म्हणालो की त्यांच्या तालुक्याने एका अभ्यासकाच्या निष्ठेची केलेली ही थट्टा कोणत्याही दरबारी भाटालाही लाजवील, की खोटा पूर आणि खोटी समृद्धी यांच्या दरम्यान खरे काय आहे हे सांगण्याचे सौजन्य त्यांनी दाखवावे, आणि—

"काय झालं?" मागून एका बाईंचा आवाज आला. सारे गाव त्यांना अक्का म्हणते आणि त्या गावाच्या प्रमुख आहेत. साडीचा काठ चुन्याने पांढरा, मनगटापर्यंत चिखल. सकाळ आणि दुपार दोन्ही त्यांच्या अंगावर होत्या.

"साहेब चिडलेत," कारकून म्हणाले.

"कोणत्या खात्याचे?"

"मी कोणत्याही खात्याचा नाही," मी म्हणालो. "मी निवृत्त प्राध्यापक आहे. मला राहण्यासाठी जागा पाहायची आहे."

चौकात इतकी शांतता पसरली की कुत्र्याने डोळा उघडला.

"म्हणजे तुम्ही कोणीच नाही?" अक्का म्हणाल्या.

मला आयुष्यात अनेक प्रश्न विचारले गेले. याला उत्तर देणे सर्वांत कठीण गेले. "तसं म्हणता येईल," मी म्हणालो.

"मग सकाळीच सांगायचं ना, साहेब," कारकून कळवळून म्हणाले. "अख्खं गाव राबलं की हो."

"माझी दुपारची झोप गेली," म्हातारी वर्तमानपत्रामागून म्हणाली. "कोणीच नसलेल्यासाठी."

क्षमा मागण्यासाठी आलो नव्हतो; पण मी ती मागितली. मेहुण्याने आधार म्हणून शिट्टी तोंडात धरली आणि पत्नीने ती काढून घेतली. मग अक्का हसल्या. आम्हाला घेऊन त्या गावाच्या वरच्या टोकाला असलेल्या एका लांबलचक गोदामाकडे गेल्या आणि त्यांनी दार सरकवले.

आत पूर ठेवलेला होता.

दुसरा शब्द मला सुचत नाही. एका बाजूला निखळलेली जुनी दारे क्रमाने उभी, प्रत्येकावर घराची खूण. फुगलेल्या गाद्या, मोडके टेबल, नदीचा गाळ भरून ठेवलेली पोती. दुसऱ्या बाजूला आदर्श गावातून उरलेल्या कुंड्या, फलक, चुन्याची पिंपे, नवी झाकणे.

"हा खरा आहे," अक्का म्हणाल्या. "खराच पूर आला होता. आम्ही भिजलो, रडलो, आणि मग कामाला लागलो. गाळ काढला, नवी दारं बसवली, भिंती धुतल्या. आणि सगळं आवरून झाल्यावर, पार पुढच्या उन्हाळ्यात, पथक आलं. गाडीतून खाली पण उतरलं नाही. काचेतून बघितलं आणि लिहिलं, नुकसान आढळलं नाही. का, तर गाव स्वच्छ होतं."

"मग?"

"मग आम्ही ठरवलं की यापुढे पूर टाकून द्यायचा नाही. जपून ठेवायचा. फेकलेलं होतं तेही परत गोळा केलं. ते जेव्हा येतील तेव्हा त्यांना दाखवायचा. तो नदीकाठचा बांध अजून मिळालेला नाही आम्हाला. आणि दुसऱ्या खात्याचं पथक येतं ते स्वच्छता बघायला. त्यांना हे खपत नाही. म्हणून दोन्ही ठेवतो."

मी त्या गोदामात दारांवरच्या खुणा वाचत उभा होतो. आम्ही इतिहासकार भूतकाळ जपतो, असा आमचा समज आहे. आम्ही त्याची वर्णने जपतो. येथे एका गावाने आपला भूतकाळ गाळासकट, बिजागऱ्यांसकट, वापरण्याजोगा ठेवला होता. राज्य उशिरा पाहते हे त्यांनी मान्य केले होते, आणि त्याला दिसेपर्यंत दुःख टिकवण्याची व्यवस्था केली होती. एवढी शिस्त मी कोणत्याही साम्राज्यात वाचलेली नाही.

"पण हे सगळं बदललंत कधी?" मी विचारले. "मधे तर आम्ही फक्त जेवलो."

"तेवढा वेळ पुरतो," अक्का म्हणाल्या. "शिट्टी हीच आमची खूण. ती ऐकली की ज्याचं त्याला माहीत आहे. कोणी म्हातारीला उचलायचं, कोणी होडी आणायची, कोणाच्या घरात कोण शिरणार, कणग्या कोण वर चढवणार. वर्षातून दोनचारदा तरी कोणी ना कोणी बघायला येतंच. हात बसलाय."

माझे डोके एकाएकी स्वच्छ झाले. मी ज्याचा आयुष्यभर ध्यास घेतला ते हेच होते. कोणत्याही क्षणी सारी खालची गल्ली, माणसे, धान्य, गुरे, म्हातारी आणि ट्रंक, एका जेवणाच्या अवधीत वर नेऊ शकणारे गाव. ते या कौशल्याला पथकाची उस्तवार म्हणत होते. जगभर त्यालाच आपत्तीची तयारी म्हणतात, फक्त ती कोठे अस्तित्वात नसते.

"योग्य," मी पत्नीला म्हणालो. एका शब्दात मत देण्याची ती माझी पहिलीच वेळ.

पण पत्नी माझे ऐकत नव्हती. "तुमची चिखलाची रेघ चुकते," ती अक्कांना सांगत होती. "तुम्ही प्रत्येक घराच्या जमिनीपासून मोजता. पाणी आडवं राहतं. वरच्या घरांवर रेघ पायाशी यायला हवी, अगदी वरच्यांवर नकोच. आणि ब्रशने नाही, फडक्याने. कडा विरायला हव्यात."

अक्का तिच्याकडे पाहत राहिल्या. "इतकी पथकं आली, कोणी बोललं नाही."

"आमच्या ह्यांनी तर त्याला कारणही शोधलं होतं."

"तुम्ही राहायला याल का हो?" अक्का म्हणाल्या. "वरच्या अंगाला घर आहे एक. आणि हे शिट्टीवाले भाऊ पण अधूनमधून आले तर बरं. आवाज लांब जातो." मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "सरांचं काय करायचं?"

कारकून विचारात पडले. मला जड उचलता येत नाही, चढता येत नाही, आणि बोलायला लावले तर पथक संध्याकाळपर्यंत हलणार नाही, असे एकेक मुद्दे माझ्यासमोर मांडले गेले. मी एका तालुक्याची योग्यता तपासायला निघालो होतो. आता भर गोदामात माझी तपासली जात होती, आणि लक्षणे चांगली नव्हती. पत्नीने जराही मदत केली नाही. अखेर म्हातारी पुढे आली आणि तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"चेहरा चांगला आहे," ती म्हणाली. "पार उद्ध्वस्त."

आम्ही राहायला गेलो. पिंपे बरोबर नेली. ना-हरकतीचा नमुना तोवर समितीपुढे आलेला नव्हता. ज्या पिंपांत मी आपत्तीसाठी पाणी साठवले होते ती अक्कांनी पहिल्याच दिवशी रिकामी करवली, बुचे घट्ट बसवून फळ्यांखाली बांधली आणि त्यांचा तराफा केला. मी निषेधाचे एक लांब वाक्य बांधत होतो. ते पूर्ण होण्याआधी तराफा तयार झाला.

आणि मग पुढच्या पावसात खरोखर पाणी आले. ते पहाटे उजाडताना नदीच्या वळशातून वर सरकू लागले, आवाज न करता, एखाद्या मोठ्या जनावराने झोपेत कूस बदलावी तसे. शिट्टी झाली. मी वरच्या ओसरीवरून पाहत होतो. कोणी ओरडले नाही. कोणी काय करायचे ते विचारले नाही. दारे निखळली आणि माणसांच्या खांद्यांवरून वर आली. कणग्या वर आल्या. माझ्या निळ्या पिंपांवर बसून एक शिलाई मशीन, काही शेळ्या आणि म्हातारी आपल्या ट्रंकेसह वर आली, आणि कुत्रे शेवटी, स्वतःच्या पायांनी. पाणी रिकाम्या गल्लीत शिरले. ते पोहोचेल त्या घरात गेले, काहीच सापडले नाही, आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले. मी ओसरीवर उभाच होतो. चहा हातात थंड झाला होता. बुडणाऱ्या नगरांवर मी जाडजूड ग्रंथ लिहिले. न बुडणाऱ्या गल्लीवर मला एक वाक्य सुचले नाही, आणि ते न सुचणे मला फार मोठे वाटले.

नुकसान अर्थातच काही नव्हते. म्हणून पथक आले तेव्हा, बऱ्याच महिन्यांनी, आम्हाला गोदामातला पूर काढावा लागला.

पत्नीने रेघ मारली होती: आडवी, निश्चल, वरच्या घरांकडे विरत गेलेली. ती पाहून मलाही क्षणभर पाणी दिसले. मला ट्रंकेवर बसवले होते. मी या प्रसंगासाठी एक छोटे निवेदन तयार केले होते. अक्कांनी ते वाचले, घडी घातली आणि कमरेला खोचले. "तुम्ही फक्त बघायचं," त्या म्हणाल्या.

गाडी आली. काच अर्धी खाली झाली. आतल्या पथकप्रमुखांनी गल्लीवरून नजर फिरवली, ती माझ्यापाशी आली, आणि मी पाहिले. मी त्यांच्याकडे सूचनाफलकांच्या, मसुद्यांच्या, ना-हरकतींच्या, पुढच्या उन्हाळ्यात येऊन काचेतून पाहणाऱ्या समस्त गाड्यांच्या वतीने पाहिले. त्यात अभिनय नव्हता. गाडीचे दार उघडले. ते खाली उतरले, बूट चिखलात घालून माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी काळा चष्मा काढला.

"आजोबा," ते म्हणाले, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी रेघेकडे बोट दाखवले. ती खरी होती. पाणी बरोबर तेथपर्यंतच आले होते. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग मागे वळून सहायकाला म्हणाले, "बांधाचं लिहून घ्या. या खेपेला राहायला नको." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यांवर एक घोंगडी टाकली.

विद्यापीठाने मला दोनदा शाल दिली होती. या घोंगडीची गोष्ट वेगळी होती.

गाडी वळणापलीकडे गेली. मला वाटले, कोणी काही बोलेल. अक्का आल्या. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "फक्त शेवटी ओठ हलले."

"मी आभार मानत होतो."

"घर वाहून गेलेला माणूस कशाला आभार मानेल?"

पत्नी ओल्या फडक्याने रेघ एका टोकापासून पुसत आली होती. ती पुसताना माझ्या कानाशी थांबली आणि म्हणाली, "छान बसला होतात." इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही ग्रंथाविषयी ती असे बोललेली मला आठवत नाही. मी उत्तर देणार, तोच माझ्या बुडाखालून ट्रंक ओढली गेली, घोंगडी खांद्यांवरून गोदामाच्या दिशेने निघाली, आणि कारकुनांनी माझ्या हातात वर्तमानपत्र दिले.

"चला सर, कोपऱ्यात बसा. दुपारी स्वच्छतावाले येताहेत."

मी जाऊन बसलो. म्हातारीने शेजारून वाकून माझे वर्तमानपत्र सरळ केले.